तेहतीस डॉलर, एक खोली आणि बंद झालेलं दार

रिहॅब हा शब्द आता आपल्या बोलण्यात सहज येतो. कुणीतरी नट तिथे जाऊन आला, कुणाच्या हॉस्टेलमधल्या सीनिअरला घरच्यांनी तिथे ठेवलं, असं आपण ऐकत असतो. पण आत नेमकं काय चालतं? बहुतेक ठिकाणचा साचा ओळखीचा आहे. व्यसनी माणसाला काही महिने एका घरात ठेवायचं. व्यसनातून उठलेल्या लोकांनी त्याला सांभाळायचं. पहाटे उठायचं, झाडू-भांडी करायची आणि रोज गोल करून बसायचं, खरं बोलायचं. हळूहळू जबाबदारी वाढवत माणूस पुन्हा उभा करायचा.

हा साचा ज्यानं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा केला तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. तो कॉलेज अर्धवट सोडलेला, दोन संसार मोडलेला, चाळिशी ओलांडलेला बेकार दारुडा होता. नाव चार्ल्स डेडरिक. सगळे त्याला चक म्हणत. १९६०च्या दशकात अमेरिकेत तो हिरो होता. त्याच्यावर सिनेमा निघाला, त्याच्या कामाचं कौतुक थेट सिनेटमध्ये झालं. १९७८च्या डिसेंबरात पोलिसांनी त्याला खुनाच्या कटाच्या आरोपाखाली अटक केली, तेव्हा तो इतका प्यायलेला होता की स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

या दोन टोकांच्या मध्ये वीस वर्षं आहेत. त्या वीस वर्षांत चकनं हजारो लोकांना नशेतून बाहेर काढणारं घर बांधलं आणि त्याच घराचा तुरुंगही केला. रिहॅब म्हणजे काय आणि काय नव्हे, हे समजून घ्यायचं तर त्याची गोष्ट माहीत असायला हवी.

टोलेडो ते कॅलिफोर्निया

चकचा जन्म २२ मार्च १९१३चा, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातला. वडील दारू पिणारे. चक चार वर्षांचा असताना ते मोटार अपघातात गेले. आईनं पुढे दुसरं लग्न केलं. मुलगा हुशार होता, बोलण्यात तर कुणाला ऐकायचा नाही. नोत्र दाम या नावाजलेल्या विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. पण दीड वर्षातच अभ्यास सुटला. नंतर टोलेडोला परत येऊन त्यानं एका तेल कंपनीत नोकरी धरली. नोकरी बरी होती, लग्नही झालं. दारू मात्र वाढत गेली.

१९४४मध्ये त्याला मेंदूज्वर झाला. तो मरता मरता वाचला, पण चेहऱ्याची एक बाजू कायमची ओढल्यासारखी राहिली. या आजारानंतर बायको, मूल, नोकरी सगळं मागे टाकून तो कॅलिफोर्नियाला निघून गेला. तिथे विमानाच्या कारखान्यात काम मिळालं, दुसरं लग्न झालं. तेही दारूत बुडालं.

१९५६मध्ये तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या सभेला गेला. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून आपापले अनुभव सांगायचे, ही एएची पद्धत. ती चकला इतकी लागू पडली की त्यानं दारू सोडली आणि रोज सभांना जायला लागला. बोलायला उभा राहिला की लोक ऐकत बसायचे. पण एएचा शांत, एकमेकांना न टोकणारा सूर त्याला पटेना. त्याच्या मते व्यसनी माणूस पट्टीचा थापाड्या असतो. त्याची थाप कुणीतरी तोंडावर पकडायला हवी.

त्याच सुमारास त्यानं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दारुड्यांवर चाललेल्या एका प्रयोगात एलएसडी घेतलं. तेव्हा ते बेकायदा नव्हतं. त्या अनुभवानं आपण बदललो, असं तो पुढे सांगायचा. दुसरा प्रभाव पुस्तकाचा. एमर्सनचा स्वावलंबनावरचा निबंध त्यानं जवळजवळ पोथीसारखा वाचला होता.

ओशन पार्क या समुद्राकाठच्या वस्तीत त्याची छोटीशी भाड्याची जागा होती. तिथे तो आठवड्यातून एकदा लोकांना जमवू लागला. या बैठकीत एएसारखं एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं नव्हतं. कुणीही कुणालाही मध्येच अडवायचं, उलटतपासणी घ्यायची, खोटं वाटलं तर तसं सांगायचं. हळूहळू तिथे हेरॉइन घेणारेही येऊ लागले. एएमधल्या बऱ्याच जणांना हे आवडलं नाही. त्यांच्या दृष्टीनं दारूचा प्रश्न वेगळा आणि गर्दुल्ल्यांचा वेगळा.

खरं तर गर्दुल्ल्यांना त्या काळात जायला जागाच नव्हती. कायदे अतिशय कडक झाले होते. एकतर तुरुंग, नाहीतर केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला असलेलं सरकारी रुग्णालय, जे अर्धं तुरुंगासारखंच होतं. तिथून सुटलेले बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळायचे. हेरॉइनचं व्यसन सुटतच नाही, असं डॉक्टरसुद्धा मानायचे.

१९५८मध्ये चकनं बेकारभत्त्याच्या ३३ डॉलरच्या चेकवर एक रिकामं दुकान भाड्यानं घेतलं आणि या लोकांना तिथेच राहायला घेतलं. त्याच वर्षी संस्था नोंदवली. नाव ठेवलं सिनॅनॉन. एका सदस्याची जीभ सिम्पोझियम आणि सेमिनार हे शब्द म्हणताना अडखळली आणि त्यातून हे नाव निघालं, अशी त्यामागची कथा सांगितली जाते.

सोफ्यावरची टर्की

पुढच्या वर्षी संस्था सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका जुन्या लष्करी इमारतीत गेली. तिथलं दृश्य बाहेरून येणाऱ्याला चक्रावून टाकायचं. हेरॉइन बंद केलं की दोन-चार दिवस जी टर्की लागते, म्हणजे अंग फोडून निघतं, उलट्या होतात, घाम फुटतो, ती काढायला नव्या माणसाला कुठल्या वेगळ्या खोलीत ठेवत नसत. तो दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पडलेला असायचा. बाजूनं लोक ये-जा करायचे, गप्पा मारायचे, गाणी वाजवायचे. कुणीतरी पाणी द्यायचं, पाठ चोळायचं. औषध काहीच नाही. आजूबाजूचा प्रत्येक जण यातून गेलेला असल्यामुळे नाटक करून काही उपयोग नसायचा. आपण मरत नाही, हे त्याला डोळ्यांसमोरच दिसायचं.

आत येणंही सोपं नव्हतं. आधी मुलाखत व्हायची, तीही चांगलीच टोचणारी. तुला खरंच सुधारायचंय का, हे त्याला सिद्ध करावं लागायचं. एकदा आत आलं की पहिले काही महिने बाहेरच्या जगाशी, अगदी घरच्यांशीही संपर्क बंद. पहिलं काम संडास घासायचं नाहीतर भांड्यांचं. तिथून वर चढत जायचं. मोठे नियम दोनच : नशा नाही आणि मारामारी नाही.

आणि आठवड्यातून तीनदा ‘गेम’. दहा-पंधरा जण गोलात बसायचे आणि एकेकाला धारेवर धरायचे. ओरडा, शिव्या द्या, टर उडवा, अतिशयोक्ती करा. फक्त हात उचलायचा नाही आणि मारायची धमकीही द्यायची नाही. स्वयंपाकघरात कोण अंगचोरपणा करतो, कोण मनातून पळायचा बेत करतोय, सगळं तिथे बाहेर पडायचं. गेममध्ये कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. झाडूवाला संचालकाची खरडपट्टी काढू शकायचा. सुरुवातीच्या काळात चकलाही इतरांसारखीच बोलणी खावी लागत. गेम संपला की उठायचं आणि एकत्र कॉफी प्यायची. बाहेर पुन्हा सगळं सभ्यपणे.

या घरात वर्णभेद नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांचे नळ, शाळा, बसमधल्या जागा वेगळ्या असण्याचा तो काळ. इथे दोघं एका खोलीत राहायचे, एकत्र जेवायचे. १९६३मध्ये चकनं बेटी कोलमनशी लग्न केलं. बेटी कृष्णवर्णीय होती. स्वतः हेरॉइनमधून बाहेर आलेली होती. तिच्याकडे जिव्हाळा होता आणि व्यवहारी शहाणपण होतं. चकला ताळ्यावर ठेवणारी तीच होती, असं आत राहिलेले बरेच जण पुढे सांगत राहिले.

आसपासच्या श्रीमंत रहिवाशांना मात्र समुद्रकिनारी गर्दुल्ले नको होते. नगरपालिकेनं परवाना आणि जागावापराच्या नियमांवरून खटला भरला. १९६१मध्ये चकनं २५ दिवस तुरुंगात काढले. त्यानं त्याची प्रतिमा आणखीच उजळली. १९६२मध्ये ‘लाइफ’ मासिकात या घराची मोठी सचित्र कहाणी आली. एका सिनेटरनं सभागृहात त्याची स्तुती केली. १९६५मध्ये कोलंबिया पिक्चर्सनं सिनॅनॉनवर चित्रपट काढला. मानवी गरजांच्या पायऱ्यांमुळे तुम्हाला अभ्यासक्रमात भेटलेला मास्लो, तोही इथे येऊन प्रभावित होऊन गेला.

कौतुकाला कारण होतं. जो पास नावाचा गिटारवादक तुरुंग आणि रुग्णालयांच्या फेऱ्या करून १९६०च्या सुमाराला इथे आला. १९६२मध्ये इथल्याच वादकांबरोबर त्याची पहिली रेकॉर्ड निघाली. नंतर तो बाहेर पडला आणि जॅझमधल्या सर्वोत्तम गिटारवादकांपैकी एक झाला. जो बरा झाला आणि बाहेर गेला, हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या ‘बाहेर’ जाण्याभोवतीच फिरते.

बाहेर जायचं नाही

सुरुवातीला उपचाराचे टप्पे ठरलेले होते. आधी आतच राहायचं आणि आतच काम करायचं. मग राहायचं आत, पण नोकरी बाहेर. शेवटी राहायचंही बाहेर. साधारण दोन-अडीच वर्षांचा कार्यक्रम. शाळेसारखं, पास झालात की निघायचं.

पण निघालेले काही जण पुन्हा नशेकडे वळले. हे दुःखद असलं तरी व्यसनाच्या उपचारात नवं नाही. आज कुठलाही समुपदेशक सांगेल की पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग असू शकतो. त्यासाठी बाहेर पडलेल्याला आधार द्यायचा असतो, त्याच्याशी संपर्क ठेवायचा असतो. चकनं मात्र वेगळाच निष्कर्ष काढला : व्यसनी माणूस कधीच पूर्ण बरा होत नाही, म्हणून त्यानं बाहेर जाऊच नये. १९६०चं दशक संपेपर्यंत पास होणं बंद झालं. सिनॅनॉन आता आयुष्यभर राहायची जागा झाली.

यात पैशाचाही भाग होता. संस्था आता गरीब राहिली नव्हती. पेट्रोलपंप होते. कंपन्यांची नावं छापलेली पेनं वगैरे भेटवस्तू विकण्याचा मोठा धंदा होता. समुद्रकाठचं एक भलंमोठं हॉटेल विकत घेतलं होतं, मरीन परगण्यात टोमालेस उपसागराकाठी जमिनी होत्या. हे सगळं चालवायला माणसं आतलीच, जुजबी हातखर्चावर राबणारी. तयार झालेला, विश्वासू माणूस बाहेर जाणं संस्थेला परवडणारं नव्हतं. त्यातच ज्यांना कधी व्यसन नव्हतं असे डॉक्टर, वकील, तरुण जोडपीही नव्या समाजाच्या ओढीनं इथे राहायला येऊ लागली. कित्येकांनी आपली मिळकत संस्थेला दिली. राहणाऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली.

एकदा दार बंद झालं की आत काय बदलतं, ते बघा. सोडून जाता येतं तोवर पुढाऱ्याला लोकांना धरून ठेवण्यासाठी चांगलं वागावंच लागतं. जायची सोयच नसली, बाहेर गेलास तर मरशील हे रोज ऐकवलं जात असलं, तर पुढाऱ्यानं काहीही सांगावं आणि लोकांनी ते करावं. सिनॅनॉनमध्ये तसंच होत गेलं, आणि तेही इतक्या हळूहळू की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच वेगळी वाटायची.

१९७०मध्ये चकनं सिगारेट सोडली आणि सगळ्यांना बंदी केली. ठीक आहे, तब्येतीसाठी चांगलंच. १९७३मध्ये एका गेममध्ये चिडून त्यानं एका बाईच्या डोक्यावर सरबताचा ग्लास ओतला. अंगावर जायचं नाही हा नियम ज्यानं केला होता त्यानंच तो मोडला, आणि कुणी त्याला जाब विचारला नाही. त्याची भाषणं आणि गेम आता आतल्या रेडिओवरून सगळीकडे ऐकवले जायचे आणि टेपवर जपून ठेवले जायचे. गेममध्ये सगळ्यांची झाडाझडती व्हायची. चकची मात्र व्हायची थांबली. पुढे संस्थेनं आपण धर्म असल्याचं जाहीर केलं.

१९७५मध्ये सगळ्यांनी मुंडण करायचं ठरलं, बायकांनीसुद्धा. मुलं आईवडिलांपासून वेगळी, सामुदायिक शाळेत वाढवली जात होती. न्यायालयानं किंवा पालकांनी पाठवलेल्या बंडखोर किशोरांना तिथे मारहाण होऊ लागली. १९७७च्या सुरुवातीला चकनं फर्मान काढलं : आता इथे नवी मुलं नकोत. पुरुषांची नसबंदी करण्यात आली, गरोदर बायकांवर गर्भपातासाठी दबाव आला. ही शस्त्रक्रिया चकनं स्वतः करून घेतली नाही. त्याच वर्षी बेटी कॅन्सरनं गेली. चकनं लवकरच पुन्हा लग्न केलं आणि काही महिन्यांत हुकूम सोडला की सगळ्या विवाहित जोडप्यांनी वेगळं होऊन नवा जोडीदार निवडायचा. वर्षानुवर्षांचे संसार एका हुकमावर मोडले. बरेच जण रडले, पण बहुतेकांनी ते केलं. जे गेले ते गद्दार ठरले, त्यातल्या काहींना मारहाण झाली.

हे सगळं सहन करणारी माणसं मूर्ख होती का? अजिबात नाही. त्यांच्यातल्या कित्येकांचा जीव या घरानं खरंच वाचवला होता. ज्या जागेनं वाचवलं तिच्याबद्दल शंका घ्यायला माणूस धजावत नाही. गेमचंही असंच. तो प्रामाणिकपणा शिकवत होता. पण मनातली प्रत्येक शंका तिथे सगळ्यांसमोर फोडली जाईल हे कळल्यावर लोकांनी शंका घेणंच सोडलं. शेतमजुरांचे प्रसिद्ध नेते सीझर चावेझ यांनी चकच्या मैत्रीखातर आपल्या संघटनेत गेम आणला. तिथेही एकमेकांवरचा विश्वासच उडाला आणि चांगले कार्यकर्ते दुरावले.

टपालपेटीतला साप

पॉल मोरँट्झ हा लॉस एंजेलिसचा तरुण वकील. सिनॅनॉनमध्ये मनाविरुद्ध अडकवलेल्या एका महिलेची केस त्यानं लढवली आणि १९७८च्या सप्टेंबरात न्यायालयानं संस्थेविरुद्ध तीन लाख डॉलरचा निकाल दिला. १० ऑक्टोबरला तो संध्याकाळी घरी आला आणि दारातल्या टपालपेटीत हात घातला. आत साडेचार फुटी रॅटलस्नेक होता. हा साप शेपटीचा खुळखुळा वाजवून सावध करतो. पण इथे खुळखुळा आधीच कापून टाकलेला होता. सापानं हाताला डसलं. मोरँट्झ वाचला, पण हात पुरता बरा झाला नाही.

शेजाऱ्यांनी संशयास्पद गाडीचा नंबर टिपून ठेवला होता. पोलीस थेट सिनॅनॉनच्या दोन सदस्यांपर्यंत पोचले. झडतीत ते टेप सापडले, ज्यांत चक आपल्या विरोधकांना आणि वकिलांना हिंसेच्या उघड धमक्या देत होता. स्वतःचं बोलणं जपून ठेवायची हौस त्याला अशी भोवली.

१८ नोव्हेंबरला गयानामधल्या जोन्सटाउन वसाहतीत जिम जोन्स या धर्मगुरूच्या आदेशावरून नऊशेहून जास्त माणसं मेली. एका माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या बंदिस्त वस्तीचं काय होऊ शकतं, हे जगानं पाहिलं. पंधराच दिवसांनी, २ डिसेंबरला, ॲरिझोनातल्या लेक हवासू इथे पोलीस चकच्या दारात उभे राहिले. वीसेक वर्षं दारूला न शिवलेला माणूस त्या वर्षी पुन्हा प्यायला लागला होता. स्ट्रेचरवरचा त्याचा फोटो देशभर छापून आला.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक उपकथा आहे. मोठी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या सिनॅनॉनच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांना घाबरून असायच्या. हा विषय नेटानं लावून धरला तो मरीन परगण्यातल्या ‘पॉइंट रेज लाइट’ या चिमुकल्या साप्ताहिकानं. ते चालवणारं जोडपं म्हणजे डेव्ह आणि कॅथी मिचेल. सोबतीला बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड ऑफ्शे. १९७९चं लोकसेवेसाठीचं पुलित्झर या साप्ताहिकाला मिळालं.

१९८०मध्ये चकनं आणि त्या दोन सदस्यांनी खटला न लढवता आरोपांना विरोध नसल्याचं न्यायालयात सांगितलं. दोघांना वर्षभराची कैद झाली. चकची तब्येत ढासळलेली असल्यामुळे त्याला पाच वर्षं न्यायालयाच्या देखरेखीखाली राहण्याची अट आणि पाच हजार डॉलर दंड एवढंच झालं. संस्थेचा कारभार बघायला मात्र मनाई झाली. करसवलत गेली, कर खात्यानं मोठी वसुली लावली आणि १९९१मध्ये सिनॅनॉन बंद पडली. २८ फेब्रुवारी १९९७ला कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलिया इथे चक वारला, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. आजपासून उरलेलं आयुष्य सुरू होतं, अशा अर्थाचं जे पोस्टरवाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, ते अनेकदा त्याच्या नावावर सांगितलं जातं. बोलणारा कोण होता हे आता बहुतेकांना आठवतही नाही.

घरं उरली

सिनॅनॉन गेली, पण तिच्यातून निघालेली घरं उरली. न्यूयॉर्कमध्ये १९६३ला ‘डेटॉप’ सुरू झालं, १९६७ला ‘फिनिक्स हाउस’. सॅन फ्रान्सिस्कोत १९७१मध्ये सिनॅनॉनमधूनच बाहेर पडलेल्या जॉन माहरनं ‘डेलन्सी स्ट्रीट’ उभं केलं. या ठिकाणांनी चकच्या कल्पनांमधलं निवडून घेतलं : व्यसनातून उठलेल्यानं नव्याला सांभाळायचं, काम करायचं, गटात खरं बोलायचं आणि वेळ द्यायचा. डेलन्सी स्ट्रीटमध्ये आजही किमान दोन वर्षं राहावं लागतं. तिथले लोक सामान हलवायचा धंदा करतात, शिकतात. आणि मग निघून जातात. निघून जाणं हेच तिथलं यश मानलं जातं.

काही ठिकाणांनी मात्र नेमका वाईट भागच उचलला. अमेरिकेत बिघडलेल्या मुलांना सुधारण्याच्या नावाखाली निघालेल्या अनेक निवासी केंद्रांमध्ये सिनॅनॉनच्या गेमची नक्कल झाली : ओरडा, अपमान, मुंडण, घरच्यांशी संपर्क बंद. तिथून बाहेर पडलेली माणसं पन्नाशी-साठी गाठूनही त्याच्या जखमा सांगतात.

म्हणजे दीर्घ मुदतीचा निवासी उपचार वाईट का? तसं नाही. उपचार तीन महिन्यांपेक्षा कमी टिकला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, असं अमेरिकेची व्यसनविषयक संशोधन संस्थाच सांगते. वेळ लागतोच. वर्षानुवर्षांची सवय, मित्र, थापा, दिनक्रम हे पंधरा दिवसांत बदलत नाही. सोबतीला त्याच वाटेनं गेलेली माणसं असणं, ही चकनं दाखवलेली गोष्टही खरीच होती. आज त्यात डॉक्टर आहेत, औषधं आहेत. टर्की सोफ्यावर सोसायची गरज नाही. दारू अचानक बंद केल्यावर तर वैद्यकीय देखरेख नसेल तर जीवावर बेतू शकतं.

आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये ते सुरू केलं. इथेही व्यसनातून उठलेले कार्यकर्ते नव्यांना सांभाळतात. पण राहायची मुदत काही आठवड्यांची. घरच्यांनाही उपचारात सामावून घेतात, आणि बाहेर पडल्यावर गावोगावी फॉलोअपच्या सभा होतात. माणसानं आपल्या घरी, आपल्या माणसांत बरं राहावं, हा तिथला हिशेब आहे.

सगळीच केंद्रं अशी नसतात. म्हणून मित्राला, भावाला, किंवा स्वतःला कुठे दाखल करायची वेळ आलीच, तर काही प्रश्न बिनदिक्कत विचारा. केंद्राची सरकारदरबारी नोंदणी आहे का? डॉक्टर कोण आणि कधी येतात? आतून घरी फोन करता येतो का? मारहाण, कोंडून ठेवणं, मुंडण असं काही चालतं का? तक्रार कुणाकडे करायची? मुदत किती, आणि बाहेर पडल्यावर पुढे काय? २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान माणसाला डिस्चार्ज मागायचा हक्क हा कायदा देतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर दुसऱ्यानं दाखल करण्यालाही सुरुवातीला तीस दिवसांची मर्यादा आहे. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि मनावर ताण असेल तर १४४१६.

उत्तरं देताना कुणी चिडलं, किंवा एकदा सोपवा आणि विसरा असं म्हणालं, तर तिथून उठा आणि दुसरं केंद्र बघा.